दातेरी कडा आणि आमची चाळिशी

मराठीत 'चाळिशी' हा एकच शब्द वयालाही लावतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही. भाषेने दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या की त्यांत काही आतले नाते असते, असे आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो आहोत. स्वतःच्या बाबतीत मात्र हे नाते उमगायला संगणकावरचा एक खेळ, त्यातला एक घोडा आणि घरातला नऊ दिवसांचा अबोला एवढे सगळे निमित्त व्हावे लागले.

प्रथम एक खुलासा. या लेखातील 'आम्ही' आदरार्थी नाही. ते खरेखुरे अनेकवचन आहे. आम्ही पती-पत्नी कोल्हापुरातल्या एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा विषय मध्ययुगीन वाङ्मय, दुसरीचा ग्रामीण साहित्य. घरात पुस्तके उदंड आणि संगणक एक. दिवसा त्यावर आम्ही प्रश्नपत्रिका आणि शोधनिबंध टंकित करायचे, रात्री चिरंजीवांनी खेळायचे, अशी वाटणी होती. २०२३ च्या जून महिन्यातली ही गोष्ट आहे. बारावीचा निकाल लागून गेला होता, अभियांत्रिकीचा प्रवेश व्हायचा होता, आणि त्या मधल्या रिकाम्या दिवसांत मुलाला खेळू नको म्हणण्यास आमच्यापाशी कोणतेही सबळ कारण उरले नव्हते.

एका रात्री त्याने आम्हांला हाक मारली. "आई, कडा बघ की. सगळ्या दातेरी दिसायल्यात. आणि घोडा पळाला की मागं भूत राहतंय त्याचं."

आम्ही पाहिले. माळरान होते, तारेचे कुंपण होते, एक घोडेस्वार दौडत होता. चित्र आम्हांला अतिशय सुंदर वाटले. दातेरी काही दिसले नाही, भूतही नाही. तसे आम्ही सांगितले. तो म्हणाला, की ग्राफिक्स कार्ड जुने झाले असावे, बदलावे लागेल. कार्डाची किंमत त्याने सांगितली, ती आमच्या महिन्याच्या घरखर्चाच्या जवळपास होती. मग आमच्यापैकी एकाच्या (कोणाच्या, हे येथे सांगत नाही) तोंडून वाक्य गेले, की नवे कार्ड मिळावे म्हणून हे नाटक चालले आहे. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कसं?" एवढे बोलून त्याने संगणक बंद केला. पुढचे नऊ दिवस तो आमच्याशी 'हं' आणि 'नको' या दोन अव्ययांत बोलला.

त्याच सुमारास आम्ही एका विद्यार्थिनीचा एम.ए.चा लघुप्रबंध तपासत होतो. तिने निवडलेल्या कथेत मध्येच निवेदक बदलतो. एका परिच्छेदात लेखकाचा आवाज सरून पात्राचा सुरू होतो, आणि या सांध्याची तिने दखलच घेतली नव्हती. बोलावून विचारले तेव्हा ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, मला तिथं काहीच दिसत नाही." तिला जे उत्तर आम्ही दिले ते आमचे नेहमीचे पाठ झालेले उत्तर होते: दिसत नाही म्हणजे नाही असे नव्हे, नजर तयार व्हावी लागते. ती गेली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हेच वाक्य आठवड्यापूर्वी आपल्याला कोणी ऐकवले होते, हे दोघांनाही एकाच वेळी आठवले.

त्या रात्री आम्ही त्याच्या खोलीत खुर्च्या नेल्या. "दाखव बघू," म्हटले. त्याने आधी संशयाने पाहिले. मग खेळ सुरू करून घोडा कुंपणाजवळ नेला आणि बोट पडद्यावर ठेवले. "तारेकडं बघा. सरळ आहे?" आम्ही चष्मे चढवून पुढे वाकलो. तार सरळ नव्हती. जिन्यासारख्या पायऱ्या पायऱ्यांनी ती वर चढत होती, आणि घोडा हलला की त्या पायऱ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकत होत्या. एकदा दिसल्यावर ती गोष्ट सर्वत्र दिसू लागली: छपराच्या कडेला, गवताच्या पात्यावर, स्वाराच्या खांद्यावर.

हे असे का होते, ते समजून घ्यायला आम्हांला आमच्या घराण्यातल्या वस्तूंचाच आधार घ्यावा लागला. आमच्या आजीने दोसुतीवर भरलेला एक पोपट अजून भिंतीवर आहे. दोसुतीला चौकोनी घरे असतात. टाका एका घरात पडतो किंवा पडत नाही. अर्ध्या घरात पडत नाही. म्हणून पोपटाची वाकडी चोच जवळून पाहिली तर पायऱ्यांची दिसते, लांबून पाहिली तर गोल. संगणकाचा पडदा म्हणजे अशीच एक दोसुती आहे. आमच्या पडद्यावर आडवी १९२० आणि उभी १०८० घरे आहेत, म्हणजे एकूण २०,७३,६००. आडवी वा उभी रेघ या घरांत नेमकी बसते. तिरपी बसत नाही. प्रत्येक घराच्या मध्याशी रेघ आहे की नाही एवढाच प्रश्न यंत्र विचारते, आणि 'आहे' किंवा 'नाही' या दोन उत्तरांतून पायऱ्या जन्मतात.

याच्या मुळाशी असलेले तत्त्व त्याहून व्यापक आहे आणि कोल्हापूरकरांना ते पुराच्या भाषेत चटकन कळेल. पावसाळ्यात आपले सगळ्यांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीकडे असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. समजा, ही पातळी दिवसातून एकदाच, सकाळी आठ वाजता मोजली, तर रात्रीतून चढलेले आणि पहाटेपर्यंत उतरलेले पाणी नोंदीत येणारच नाही. नुसते येणार नाही एवढेच नव्हे, तर त्या विरळ नोंदींवरून काढलेला आलेख नदीविषयी साफ खोटी गोष्ट सांगेल. जी गोष्ट जितक्या झपाट्याने बदलते, तिच्या नोंदी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने घ्याव्या लागतात, असा या शास्त्रातला नियम आहे; क्लॉड शॅनन याच्या १९४९ मधल्या निबंधामुळे तो सर्वपरिचित झाला. चित्रपटात धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात तीही याच जातीची फसवणूक; तेथे नोंदी काळात विरळ पडतात, येथे अवकाशात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात राहून आम्हांला हे इतक्या उशिरा कळावे, याची थोडी लाजच वाटली. संगणकीय चित्रांतल्या या दोषाची पद्धतशीर मांडणी फ्रँकलिन क्रो याने १९७७ मध्ये केली. म्हणजे हा दोष आमच्या पिढीच्याच वयाचा आहे.

उपाय अनेक आहेत, आणि त्यांची नावे आमच्या मुलाला वृत्तांच्या नावांसारखी मुखोद्गत होती. सर्वांत सरळ उपाय म्हणजे चित्र आधी मोठ्या दोसुतीवर काढायचे आणि मग आवळून लहान करायचे. परिणाम उत्तम, पण दोन्ही दिशांनी दुप्पट म्हणजे एकूण चौपट काम, आणि कार्ड धापा टाकते. दुसरा उपाय, एमएसएए, काटकसरी आहे. आकृतीने घराचा किती भाग व्यापला हे प्रत्येक घरात अनेक ठिकाणी तपासले जाते, पण रंगाचा हिशेब मात्र एकदाच होतो. त्यामुळे आकृत्यांच्या कडा सुधारतात, आतल्या बारीक पोतातली चकमक तशीच राहते. तिसरा एफएक्सएए. टिमोथी लॉट्स याने तो सिद्ध केला. तो तयार चित्रावरून नुसता हात फिरवतो, आणि जेथे कडा आहे असे वाटेल तेथे ती पुसट करतो. स्वस्त आणि जलद. पण कुठली कड पायरी आहे आणि कुठली मुळातच धारदार, हे त्याला कळत नाही. पाटीवरची अक्षरेही तो धूसर करून टाकतो.

येथे आम्ही दोघेही थोडे गप्प झालो. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर आम्ही वर्षानुवर्षे जो लाल शाईचा हात फिरवला, तो यापेक्षा फारसा वेगळा होता काय? 'दिसायलंय'चे 'दिसत आहे' करताना आम्ही पायरी घासत होतो की धार, हे प्रत्येक वेळी तपासून पाहिले होते काय? कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) शिकवताना तिच्या बोलीच्या कडा किती मोलाच्या आहेत हे आम्ही तास तासभर सांगतो, आणि त्याच संध्याकाळी वह्या तपासताना त्याच कडा गुळगुळीत करतो.

असो. चौथा उपाय आजच्या बहुतेक खेळांत असतो, आणि आमचे भूत त्यातूनच निघाले. त्याचे नाव टीएए. त्याची कल्पना मोठी रम्य आहे. एकाच क्षणी प्रत्येक घरात अनेक नोंदी घेणे महाग पडते ना? मग दर चौकटीत नोंदीची जागा केसभर सरकवायची, आणि मागच्या चौकटींत काय दिसले होते ते स्मरणात ठेवून आताच्या चित्रात मिसळायचे. म्हणजे भूतकाळाच्या मदतीने वर्तमानाची कड गोल करायची. वस्तू हलली असेल तर ती मागच्या चौकटीत कोठे होती याचा हिशेब यंत्र ठेवते. पण घोडा पुढे गेला आणि त्याच्यामागचे कुंपण नव्याने उघडे पडले, तर त्या जागेच्या स्मरणात अजून घोडाच असतो. पाऊस, धूर, उडणारी पाने यांच्या हालचालीचा हिशेब तर पुष्कळदा ठेवलेलाच नसतो. शिळी आठवण वेळीच टाकून दिली नाही की घोड्यामागे घोड्याची फिकट शेपटी रेंगाळते. दातेरी कड काढावी तर भूत येते. भूत घालवावे तर कड दातेरी होते.

आमच्या लहानपणी छपरावरच्या अँटेनाने असेच भूत दाखवले होते. डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा आलेला संकेत मूळ चित्राशेजारी दुसरे पुसट चित्र उमटवी, आणि मग एकाने वर चढून अँटेना फिरवायची व दुसऱ्याने खालून ओरडायचे, "आलं, आलं… गेलं!" ते ऐकून तो हसला. नऊ दिवसांनी प्रथमच.

आता शोध सुरू झाला. आम्ही उत्साहाच्या भरात एकाच वेळी तीन गोष्टी बदलायला सुचवल्या. तो म्हणाला, "बाबा, एका वेळी एकच बदलायचं. नाहीतर कशानं फरक पडला कळायचं कसं?" शोधनिबंध लिहिणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो, हे त्याला सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. एक जुनी वही काढली. डाव्या बाजूला बदल, उजव्या बाजूला परिणाम.

पहिला प्रश्न असा होता, की भूत चित्रात आहे की पडद्यात? हा प्रश्न आमच्या ओळखीचा निघाला. पोथीत चुकीचा पाठ आढळला की पहिली शंका हीच असते: चूक मूळ लेखकाची, नकलकाराची, छापखान्याची, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांची? एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले किंवा राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली, तेव्हाही प्रश्न मुळात हाच होता. येथे परीक्षा सोपी निघाली. धावत्या घोड्याचे चित्र संगणकाच्या आतूनच टिपून घ्यायचे, म्हणजे स्क्रीनशॉट, आणि ते स्थिर असताना पाहायचे. त्यात शेपटी दिसली तर दोष चित्र घडवणाऱ्या आज्ञावलीचा. न दिसली तर पडद्याचा. कारण टिपलेले चित्र पडद्याच्या काचेपर्यंत आलेलेच नसते. आम्ही आधी मोबाईलने पडद्याचा फोटो काढला होता. त्याने तो बाद ठरवला: मोबाईलच्या कॅमेऱ्यातही हलती वस्तू फरपटते, म्हणजे ते तिसरेच भूत.

स्क्रीनशॉटमध्ये शेपटी होती, पण डोळ्यांना दिसत होती त्याहून आखूड. याचा अर्थ भुते दोन होती. दुसऱ्यासाठी त्याने साध्या पडद्यावर एक खिडकी माउसने धरून जोरात इकडेतिकडे ओढली. तिच्या कडेमागेही उजळ रेघ सरकत होती, आणि तेथे तर खेळाचा काही संबंध नव्हता. मॉनिटरमधले बिंदू रंग बदलायला थोडा वेळ घेतात. त्यांना ढोसणी देऊन पळवण्याची एक सोय असते, तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ढोसणी कमी तर काळी सावली मागे राहते. फार जास्त तर रंग ठरल्या जागेच्या पुढे उडी मारतो आणि उलटी, उजळ सावली पडते. आमच्या मॉनिटरवर ती टोकाला नेऊन ठेवली होती. मधल्या पायरीवर आणताच रेघ गेली. खर्च शून्य.

मग पहिल्या भुताकडे वळलो, आणि येथे गोष्टीने वेगळेच वळण घेतले. टिपलेल्या चित्राची माहिती पाहण्यासाठी त्याने त्या फायलीचे गुणधर्म उघडले आणि तो थबकला. तेथे १२८० × ७२० असे आकडे होते. "हे कसं? गेममध्ये तर मी १९२० ठेवलंय." पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. नकलकार, स्थळ, शक तेथे नोंदलेले असतात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी एकनाथांनी जोडलेल्या ओव्यांवरूनच शुद्धीकरणाचा शके १५०६ आपल्याला कळतो. ग्रंथ स्वतःविषयी काय सांगतो ते पाहण्यासाठी आधी शेवटचे पान उघडावे, हा आमचा नियम. त्या रात्री तो मुलाच्या हातून पाळला गेला.

उलगडा असा होता. हा खेळ तो पूर्ण पडद्यावर नव्हे, तर बिनचौकटीच्या खिडकीत चालवत असे. तशा वेळी खेळ आपला आकडा बाजूला ठेवून संगणकाच्या पडद्याचा आकडा घेत होता. आणि संगणकाच्या पडद्याचा आकडा एप्रिलमध्ये कोणीतरी १२८० × ७२० केला होता.

ते कोणीतरी म्हणजे आम्ही. परीक्षेच्या दिवसांत प्रश्नपत्रिका टंकित करताना अक्षरे बारीक दिसत होती. अनुस्वार आणि रफार शोधता शोधता डोळे पाणावत. चष्म्याचा नंबर वाढला आहे हे कबूल करण्याऐवजी आम्ही पडद्याची दोसुती विरळ करून टाकली होती. अक्षरे मोठी झाली, आम्ही खूश झालो आणि विसरलो. त्याला मोठी अक्षरे रोज दिसत होती. "तुम्हाला वाचायला लागतंय म्हणून मी हात लावला नाही," तो म्हणाला. खेळाचा आकडा वेगळा आहे या समजुतीने त्याने आमची सोय जशीच्या तशी राहू दिली होती, आणि आम्ही त्याच्यावर नाटकाचा आरोप केला होता.

७२० ओळींचे चित्र १०८० ओळींवर ताणायचे म्हणजे प्रत्येक दोन टाक्यांचे तीन करायचे. मधला तिसरा टाका कोणाचा, हे धड ठरत नाही, म्हणून कडा एकाच वेळी दातेरी आणि मळकट होतात. घरे निम्म्याहूनही कमी असल्यामुळे टीएएलाही आठवणींवर अधिक विसंबावे लागे, आणि त्याची शेपटी जाड दिसे. कार्डाचा यात काही दोष नव्हता. दोष आमच्या चाळिशीचा होता.

आमच्यापैकी जो बोलला होता त्याने क्षमा मागितली. जी बोलली नव्हती तिनेही, कारण ती त्या वेळी गप्प राहिली होती. क्षमा मागताना आमची नेहमीची प्रांजळ, परिच्छेदबद्ध वाक्ये कोठे गेली कोण जाणे. "चुकलं आमचं," एवढेच जमले. तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "असू दे." थोड्या वेळाने पुन्हा, "असू दे की."

मग त्याने आमची सोय लावून दिली. पडद्याची घरे पूर्ववत १९२० × १०८० केली आणि अक्षरे मोठी करण्याची जी वेगळी तरतूद असते ती दीडपटीवर ठेवली. फरक लहान वाटतो, पण मोठा आहे. पहिल्या प्रकारात तयार अक्षर ताणले जाते. दुसऱ्यात अक्षराच्या मूळ रेखाकृतीवरून ते नव्याने, मोठ्या मापात रेखले जाते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' टंक आम्ही अनेक वर्षे वापरत आलो होतो, पण त्यातल्या ळ ची दोन वेटोळी आणि र चा तिरपा पाय इतका सुबक आहे, हे त्या रात्री आम्हांला प्रथम दिसले. अक्षरे आधीइतकीच मोठी होती. आता ती स्वच्छही होती.

घरे दुपटीहून वाढल्यामुळे खेळ मात्र मंदावला. सेकंदाला ६० चौकटी येत होत्या, त्या चाळिशीच्या आसपास आल्या. (येथेही चाळिशी! तो म्हणाला, आम्ही नाही.) एका चौकटीला सतरा मिलिसेकंद लागत, तेथे पंचवीस लागू लागले, आणि चौकटी सावकाश येऊ लागल्या की शिळी आठवणही अधिक वेळ पडद्यावर राहते. त्याने खेळातल्या सावल्यांची प्रत एक पायरी उतरवली, दूरच्या गवताची दाटी कमी केली, आणि वेग पुष्कळसा परत मिळवला. टीएए बंद करून पाहिले: शेपटी गेली, पण कुंपणाची तार पुन्हा मुंग्यांसारखी सरकू लागली. पुन्हा लावले. कडा शांत झाल्या, घोड्यामागे अगदी पुसट सावली उरली. दोन्ही दोष एकदम जातील अशी जागा त्या कार्डावर नव्हती. कोणता सोसायचा एवढेच ठरवायचे होते, आणि ते आम्ही त्याच्यावर सोपवले.

ऑगस्टअखेर तो पुण्याला गेला. संगणक येथेच आहे, वहीही. तिच्या शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात नोंद आहे: 'टीएए चालू. सावली थोडी राहते, चालेल.' चष्म्याचे नंबर आम्ही त्याच महिन्यात तपासून घेतले. दोघांचेही वाढले होते.

कधी रात्री प्रश्नपत्रिकेचे काम संपले की आम्ही तो खेळ उघडतो. खेळता येत नाही. घोडा कुंपणाच्या कडेने नुसता नेतो. परवा त्याचा फोन आला तेव्हा हे सांगितले. तो हसून म्हणाला, "मागं भूत दिसतंय काय अजून?"

"दिसतंय की."

"मग चष्मा बरोबर हाय तुमचा."